खऱ्याचे माप

माझी सारी नोकरी वजनमापे खात्यात गेली. धुळे जिल्ह्याचे दोन भाग होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर माझी बदली इकडे झाली आणि मी इथलाच होऊन राहिलो. नवापूर, खांडबारा, तळोदा, अक्कलकुवा इथले आठवडे बाजार वर्षानुवर्षे पायाखाली घातले. बरोबर शिपाई, पेटीत प्रमाणित वजने, शिक्का मारण्याचा ठसा आणि हातोडी. आम्ही बाजारात शिरलो की काही दुकानांतले काटे आपोआप आत जात. मग चहा येई. चहाला नाही म्हटले की समोरच्याचा चेहरा उतरे आणि त्यावरूनच काय ते समजे.

त्या नोकरीचे एक समाधान होते. आमच्या खात्यातले खोटे हाताला लागत असे. पारड्याच्या बुडाला चिकटवलेला चिंचेचा गोळा, वजनाच्या पोटातले शिसे काढून केलेली पोकळी, एका बाजूने हळूच घासलेली दांडी. मराठीत 'मापात पाप' म्हणतात, ते पाप आम्ही अक्षरशः बोटाने दाखवून देत असू. व्यापारी कितीही शपथा घेवो, आमची पेटी उघडली की वाद संपे. त्यामुळे खरे आणि खोटे यांची परीक्षा अशीच सरळ असते, असा माझा समज होऊन बसला होता. निवृत्तीनंतर एका अंगठीने तो मोडला. ती हकीकत आणि तिच्यातून निघालेला प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या भागाला मुंबईपेक्षा सुरत जवळची. नवापूरच्या रेल्वे स्टेशनात तर तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत, अशी मौज आहे. लग्नाचा बस्ता बांधायचा तर खानदेशातली माणसे ताप्ती लाइनच्या गाडीत बसतात ती सुरतेला उतरतात. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत आपलीच इतकी माणसे आहेत, की परगावी आल्यासारखे वाटत नाही. २०२२ साली मुलीचे लग्न ठरले तेव्हा आम्हीही बस्त्यासाठी गेलो आणि त्याच फेरीत जावयासाठी हिऱ्याची अंगठी घेतली. आमच्या घराण्यात हिरा घेण्याची ही पहिलीच वेळ.

दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही. दुकानदार गोड बोलणारा होता. मी म्हटले, "हिरा खरा आहे ना?" तो म्हणाला, "साहेब, हिराच आहे. यंत्र लावून बघा." त्याने पेनासारखे एक यंत्र काढले. त्याचे टोक खड्याला टेकवले की उष्णता किती लवकर वाहून जाते ते पाहून ते वाजते. काचेवर वाजत नाही, हिऱ्यावर वाजते. ते वाजले. अंगठीच्या आतल्या बाजूला सोन्याचा हॉलमार्क होता, तो मी भिंगातून पाहिला, सवयच ती. खड्याचे वजन सेंटपर्यंत काट्यावर पाहिले. एक कॅरट म्हणजे दोनशे मिलिग्रॅम, त्याचा शंभरावा भाग सेंट. वजन बरोबर होते. भाव मी धरून चाललो होतो त्याच्या निम्म्याहून कमी निघाला. मला आनंद झाला. पावतीवर 'डायमंड रिंग' असे लिहून मिळाले आणि आम्ही निघालो.

माझा भाचा कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात घंटीवर बसतो. जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना भारतात पैलू पडतात आणि त्यांतले बहुतेक सुरतेत; त्या लाखो हातांतले दोन हात त्याचे. संध्याकाळी त्याला अंगठी दाखवली. त्याने खडा उजेडात फिरवला आणि म्हणाला, "काम चांगलं आहे." मग भाव विचारला. मी सांगताच तो हसला. "मामा, या भावात जमिनीतला हिरा येत नाही. हा कारखान्यातला आहे." मी म्हटले, "तू नुसत्या डोळ्याने ओळखलेस?" तो म्हणाला, "डोळ्यानं कुणालाच ओळखता येत नाही. मी भावावरून ओळखला." दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळखीने एका प्रयोगशाळेतल्या मोठ्या यंत्राखाली खडा ठेवला. भाच्याचे म्हणणे खरे ठरले.

आता इथे प्रश्न सुरू होतो. दुकानदार माझ्याशी खोटे बोलला काय?

वाचकांपैकी ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. जमिनीतला हिरा म्हणजे शुद्ध कर्ब, पृथ्वीच्या पोटात दीडशे किलोमीटरच्या आसपास खोल, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली तयार झालेला. त्याचे वय अब्जावधी वर्षांत मोजतात. कारखान्यातला हिरा म्हणजेही शुद्ध कर्बच. हिऱ्याच्या एका पातळ चकतीवर, तिला बीज म्हणतात, बंद भट्टीत कर्बयुक्त वायूतून थरावर थर चढवत तो काही आठवड्यांत वाढवतात. ही झाली सीव्हीडीची रीत. दुसऱ्या रीतीत प्रचंड दाब आणि उष्णता वापरतात. काठिण्य तेच, तेज तेच, रसायन तेच. अमेरिकन डायमंड म्हणून जो स्वस्त खडा आपल्याकडे मिळतो त्याच्यासारखी ही नक्कल नव्हे. सुरतेत या भट्ट्यांचे मोठे कारखाने उभे राहिले आहेत. २०२३ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने या बीजावरचे आयातशुल्क काढून टाकले. त्याच वर्षी जून महिन्यात पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला भेट दिलेला साडेसात कॅरटचा हिरा असाच कारखान्यातला होता. तेव्हा 'हिराच आहे' हे दुकानदाराचे वाक्य शब्दशः खरे. यंत्राची साक्ष खरी. वजन खरे. सोने खरे. माझी पेटी उघडून मी त्याच्यावर कोणता गुन्हा नोंदवणार होतो?

तरीही मी फसलो होतो, यात मला शंका नव्हती. एकही खोटा शब्द न उच्चारता माणूस फसवला जाऊ शकतो. आपल्याला हे नवे नाही. द्रोणपर्वातली गोष्ट लहानपणापासून ऐकलेली आहे. भीमाने अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, द्रोणाने युधिष्ठिराला विचारले, आणि युधिष्ठिराने हत्ती हा शब्द हळूच उच्चारला. 'नरो वा कुंजरो वा' हा वाक्प्रचार त्यावरूनच पडला. मग जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. कथाकाराने रथ खाली आणला, म्हणजे निवाडा केला. पण कोणत्या कायद्याने? युधिष्ठिराचे वाक्य तर खरे होते.

या प्रश्नाचे उत्तर मला ज्या ठिकाणी सापडले ते ठिकाण मला अपेक्षित नव्हते. सुरतेच्या हिऱ्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिका, आणि तिथे व्यापारातल्या लबाडीवर लक्ष ठेवणारे एक सरकारी मंडळ आहे, फेडरल ट्रेड कमिशन, १९१४ साली स्थापन झालेले. १९३८ साली कायदा दुरुस्त होऊन ग्राहकाची फसवणूक करणारी कोणतीही कृती त्याच्या कक्षेत आली. पण फसवणूक म्हणजे काय? हे मंडळ अनेक वर्षांच्या निवाड्यांतून एका कसोटीवर आले आणि १९८३ साली त्याने ती लिहून जाहीर केली. तिचा सारांश असा: बोलणाऱ्याचे शब्द सुटे करून तपासायचे नाहीत, वाजवी समजुतीच्या ग्राहकाच्या मनावर एकंदर काय ठसते ते पाहायचे. आणि विक्रेत्याचा हेतू फसवण्याचा होता, हे सिद्ध करण्याची गरज नाही.

म्हणजे खरेपणा बोलणाऱ्याच्या तोंडाशी न मोजता ऐकणाऱ्याच्या कानाशी मोजायचा. मी हे वाचले तेव्हा थांबलो. युधिष्ठिराचा रथ याच कायद्याने खाली आला होता. द्रोणाच्या कानात जे पोचले ते खोटे होते, आणि ते तसेच पोचावे म्हणूनच आवाज खाली आला होता.

या मंडळाने हिऱ्याच्या बाबतीत काय केले, हे पाहण्यासारखे आहे. दागिन्यांच्या व्यापारासाठी त्याची मार्गदर्शक सूत्रे आहेत. त्यांत हिऱ्याची जुनी व्याख्या 'नैसर्गिक खनिज' अशी सुरू होत असे. २०१२ साली मंडळाने सूत्रांचा फेरविचार जाहीर केला आणि लोकांची मते मागवली. २०१३ साली व्यापारी, रत्नपारखी, ग्राहक यांना एका टेबलाभोवती बसवले. २०१६ च्या आरंभी मसुदा छापला आणि पुन्हा मते मागवली. शेवटचा निर्णय जुलै २०१८ मध्ये आला. एका शब्दासाठी सहा वर्षे! तो शब्द म्हणजे 'नैसर्गिक'. तो व्याख्येतून काढला. कारण ती व्याख्या लिहिली तेव्हा हिरा जमिनीतूनच येत असे, आता तसे राहिले नाही. मात्र पुढे अट घातली, की कारखान्यातला हिरा विकताना 'प्रयोगशाळेत वाढवलेला' अशा अर्थाचे शब्द हिरा या शब्दाला लागूनच, तितक्याच ठळकपणे आले पाहिजेत. ही सूत्रे स्वतः कायदा नाहीत. पण ती मोडणाऱ्यावर मंडळ फसवणुकीच्या कायद्याखाली जाऊ शकते. २०१९ च्या वसंतात त्याने आठ कंपन्यांना ताकीदपत्रे पाठवून त्यांच्या जाहिरातींतले शब्द दाखवून दिले.

आपल्याकडे उलट बाजूने सुरुवात झाली. भारतीय मानक ब्यूरोच्या २००७ सालच्या मानकात हिरा हे नाव फक्त नैसर्गिक खड्यालाच राखून ठेवले आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आला, २०२० साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवणे हेही आले. पहिल्या वेळेस दहा लाख आणि पुन्हा केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याने या धंद्यातल्या लोकांना बोलावून कारखान्यातल्या खड्याला नुसते हिरा म्हणता येणार नाही, याची आठवण करून दिली.

एक देश म्हणतो हा हिराच आहे, दुसरा म्हणतो हे नाव त्याचे नव्हे. आणि तरी दुकानातल्या चिठ्ठीवर काय लिहावे याबद्दल दोघांचे एकमत! मला यात मोठी शिकवण दिसते. वस्तू मुळात काय आहे हा वाद पंडितांनी खुशाल चालू ठेवावा. नियम करणाऱ्यापुढचा प्रश्न साधा असतो: हा शब्द ऐकून समोरचा माणूस काय समजणार आहे, आणि ते त्याने घरी नेलेल्या वस्तूशी जुळते काय?

खरे सांगायचे तर ही गोष्ट माझ्याच खात्यात होती आणि मी तिच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते. पाकीटबंद मालाच्या आमच्या नियमांत वजन लिहिताना 'किमान', 'सरासरी', 'सुमारे' असे शब्द घालायला बंदी आहे. अक्षरांची कमीत कमी उंची ठरवून दिलेली आहे. मी ही उंची पट्टी लावून मोजत असे आणि मनात म्हणत असे, काय हा सरकारी किरकोळपणा! आज समजते, की बारीक अक्षरात छापलेले सत्य म्हणजे हळू आवाजात उच्चारलेला हत्ती होय. नियम करणाऱ्या कोणा अज्ञात माणसाला द्रोणपर्वाचे मर्म माझ्यापेक्षा अधिक कळले होते.

आणि कौटिल्याला ते त्याच्याही आधी कळले होते. अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष आहे, म्हणजे आमच्या खात्याचा मूळपुरुष. पण बाजारासाठी वेगळा संस्थाध्यक्षही आहे, आणि व्यापाऱ्यांपासून लोकांच्या रक्षणाच्या प्रकरणात सांगितले आहे, की लाकूड, धातू, रत्न, सूत अशा वस्तूंत जी जात्य नाही ती जात्य म्हणून विकणाऱ्याला किमतीच्या आठपट दंड करावा. काट्याचे पाप वेगळे आणि नावाचे पाप वेगळे, हे त्याने ओळखले होते.

इथे कोणी म्हणेल, गिऱ्हाइकाला डोळे नव्हते काय? निम्म्याहून कमी भाव ऐकून तुम्ही का नाही विचारले? हा आक्षेप मी स्वतःवर पुष्कळ वेळा घेतला आहे. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर भाव वाढला असता अशी मला आतून धास्ती होती. स्वस्तात मिळाल्याच्या आनंदात माझाही थोडा लोभ होता. पण म्हणून दुकानदार सुटत नाही. द्रोणाने साऱ्या रणांगणात युधिष्ठिरालाच विचारले, कारण तो खोटे बोलणार नाही असा त्याचा विश्वास होता. नियम मूर्खाला शहाणे करण्यासाठी नसतात. प्रत्येक खरेदीत प्रत्येक माणसाला रत्नपारखी व्हावे लागू नये, साधा माणूस विश्वासाने बाजारात जाऊ शकावा, यासाठी असतात. महिधरपुऱ्याच्या गल्लीत आणि वराछाच्या मिनी बझारात लाखोंचे हिरे कागदाच्या पुडीत, उघड्या रस्त्यावर, तोंडच्या शब्दावर हातोहात फिरताना मी पाहिले आहेत. त्यांच्या आपसांत शब्दाला एवढी किंमत असेल, तर तीच किंमत काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला का येऊ नये?

इथपर्यंत सारे विक्रेत्याच्या विरुद्ध आणि नियम करणाऱ्याच्या बाजूने झाले. पण हेच माप नियम करणाऱ्यालाही लावले पाहिजे. तसे लावले तर काय होते, याचे उदाहरणही सुरतेच्याच बाजारात आहे.

आफ्रिकेत अंगोला, सिएरा लिओन इत्यादी देशांत बंडखोरांनी हिरे विकून युद्धे चालवली. त्यावर उपाय म्हणून २००० साली दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली या गावी बोलणी सुरू झाली आणि १ जानेवारी २००३ पासून किंबर्ली प्रमाणपत्राची पद्धत अमलात आली. कच्चा हिरा सीलबंद पेटीत, सरकारी प्रमाणपत्रासह, सभासद देशांतच जाईल. भारत आरंभापासून तिच्यात आहे. २००८ आणि २०१९ साली अध्यक्षपदही भारताकडे होते. आपल्याकडे हे प्रमाणपत्राचे काम सरकारने जवाहिऱ्यांच्या निर्यात परिषदेकडे सोपवले आहे, म्हणजे नियम पाळणारे आणि पाळून घेणारे एकाच धंद्यातले. त्यात वाईटच आहे असे मी म्हणत नाही. हिरा ओळखणारी माणसे सरकारात कुठून आणणार?

मला खटकते ते त्या व्यवस्थेचे भाषेशी वागणे. संघर्षाचा हिरा कशाला म्हणायचे, याची तिची व्याख्या अशी आहे, की कायदेशीर सरकार उलथवण्यासाठी बंडखोर ज्या कच्च्या हिऱ्यांतून पैसा उभा करतात ते. म्हणजे सरकारनेच माणसे मारली तर? झिंबाब्वेत मारांगे येथे २००८ साली सुरक्षादलांनी खाणीवरच्या दोनशेहून अधिक लोकांना मारल्याचे ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने पुढच्या वर्षी अहवालात म्हटले. तिथली निर्यात काही काळ थांबली आणि २०११ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाली. ही व्यवस्था उभी करण्यात ज्या ग्लोबल विटनेस या संस्थेचा मोठा वाटा होता, ती त्याच वर्षी डिसेंबरात बाहेर पडली. २०२२ पासून युक्रेनवर रशियाचे आक्रमण चालू झाले. रशिया तर कच्च्या हिऱ्यांचा मोठा उत्पादक. पण ते सरकार, बंडखोर नव्हे. म्हणून किंबर्लीच्या व्याख्येत ते हिरे बसत नाहीत. शेवटी श्रीमंत राष्ट्रांनी २०२४ पासून स्वतंत्र बंदी घातली, आणि मार्चपासून ती सुरतेसारख्या ठिकाणी पैलू पाडलेल्या रशियन हिऱ्यांनाही लागू झाली. दरम्यान २०१९ साली दिल्लीच्या बैठकीत व्याख्या रुंद करण्याचा प्रयत्न झाला. तिथे निर्णय सर्वांच्या संमतीने होतात, संमती झाली नाही, आणि व्याख्या तशीच राहिली.

एखाद्या नववधूला दुकानात 'हा संघर्षमुक्त हिरा आहे' असे सांगितले जाते तेव्हा ती काय समजते? या खड्यासाठी कुणाचे रक्त सांडले नाही, असे. प्रमाणपत्राचा अर्थ मात्र एवढाच, की सांडले असल्यास ते बंडखोरांनी सांडले नाही. शिवाय प्रमाणपत्र कच्च्या मालाच्या पेटीचे. तिच्यावर कित्येकदा मिश्र मूळ असे लिहिलेले असते. पैलू पडल्यावर उरते ते बिलावरचे एक छापील आश्वासन. वाक्य खरे, ऐकणाऱ्याच्या कानात पोचलेले खोटे. माझ्या दुकानदाराला जी कसोटी आपण लावली तीच लावली, तर इथे राष्ट्रांच्या संमतीने हत्ती हा शब्द हळूच उच्चारला गेला आहे.

माझ्या मते नियमांच्या नीतीतला खरा पेच हा आहे. शब्दाचा अर्थ ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याला खोटे बोलण्याची गरजच राहत नाही. तो अर्थच अरुंद करतो. म्हणून नियम कसा केला, कोणाला विचारून केला, कोणाला विचारले नाही, हे पाहणे नियम पाळण्याइतकेच महत्त्वाचे. अमेरिकेच्या मंडळाने एका शब्दासाठी सहा वर्षे लावली, त्यात व्यापाऱ्यांचे दडपण नव्हते असे समजण्याइतका मी भोळा नाही. पण मसुदा छापून लोकांना विचारले, आणि कारणे लिहून दिली. कारणे लिहिलेली असली म्हणजे माझ्यासारखा नंदुरबारचा पेन्शनरसुद्धा ती वाचून भांडू शकतो.

भाच्याला मी हे सगळे सांगत होतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मामा, माझ्या घंटीला दोन्ही हिरे सारखेच लागतात. जमिनीतल्या मालाचं काम मंद झालं तेव्हा याच मालानं आमची चूल चालू ठेवली. तुम्ही त्याला खोटा म्हणू नका." त्याचे म्हणणे मला पटले. खोटा हा शब्दही ऐकणाऱ्याच्या कानात चुकीचाच पोचतो. अमेरिकेच्या मंडळानेही 'सिंथेटिक' हा शब्द आपल्या शिफारशींतून याच कारणाने वगळला. लोक त्याचा अर्थ नकली असा घेतात. कारखान्यातला हिरा कमअस्सल नाही, तो वेगळ्या जन्माचा आहे. त्याचा जन्म सांगण्यात त्याचा अपमान नाही, लपवण्यात आहे. आणि ज्या हातांनी त्याला पैलू पाडले त्यांचे नाव कोणत्याच प्रमाणपत्रावर नसते, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

आता शेवटची गोष्ट, जी सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही. अंगठी मी परत केली नाही. लग्न आठ दिवसांवर होते, आणि भाव परवडत होता. साखरपुड्याच्या दिवशी व्याह्यांनी अंगठी हातात घेऊन विचारले, "हिऱ्याची का?" मी म्हटले, "हो, हिऱ्याचीच. यंत्रावर तपासून घेतली आहे." दोन्ही वाक्ये खरी होती. त्यांचा चेहरा समाधानाने फुलला. ज्या दुकानदाराला मी मनातल्या मनात दोषी ठरवले होते त्याचेच शब्द मी जसेच्या तसे वापरले होते. त्याला पैशाचा लोभ होता, मला मानाचा.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आधी मुलीला सांगितले. ती म्हणाली, "बाबा, आम्हाला लग्नानंतर महिन्याभरातच कळलं होतं. अंगठी सैल होती म्हणून सोनाराकडे नेली, त्यानं सांगितलं. पण यांनी तुमच्याकडे विषय काढायचा नाही म्हणून मला बजावलं." जावयाच्या या मोठेपणाने मी अधिकच खजील झालो. आमचे व्याही दरवर्षी हा दिवाळी अंक घेतात. छापून सांगणे ही पुन्हा एक पळवाट झाली असती, म्हणून मजकूर संपादकांकडे पाठवण्याच्या आधी मी बसने त्यांच्या गावी गेलो आणि समोर बसून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्ही तेव्हा सांगितलं असतं, तर आम्ही काय अंगठी परत केली असती?" केली नसती, हे मलाही ठाऊक होते. पण मी त्यांना ते ठरवण्याची संधी दिली नव्हती.

चहा आला. नोकरीत असताना मी चहाला नाही म्हणत असे. त्या दिवशी घेतला.